प्राण्यांशी मनातून बोलायला शिकवणारा कोर्स: काही महिन्यांच्या सरावानंतर

आधीच सांगते, कोर्स करून आमची मांजर माझ्याशी वाक्यांत बोलायला लागलेली नाही. तरी पैसे पाण्यात गेले असंही म्हणणार नाही. कोर्स जे शिकवतो म्हणतो ते वेगळं आणि माझ्या हाती लागलं ते वेगळं. हाती लागलेलं जास्त कामाचं निघालं.

स्वरूप साधं आहे: रेकॉर्ड केलेले धडे, दर आठवड्याला गृहपाठ आणि शिकणाऱ्यांचा एक सरावगट. १९७० च्या दशकात अमेरिकेत पेनेलोप स्मिथ यांच्यासारख्या मंडळींनी जी पद्धत रुजवली, तिचीच ही पुढची पिढी. शांत बसायचं, श्वासावर यायचं, प्राण्याला मनातल्या मनात प्रश्न विचारायचा आणि पहिलं जे उमटेल ते पकडायचं. ते चित्र असेल, शब्द असेल, नाहीतर आपल्याच अंगात कुठेतरी जाणवलेला ताण. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. दिवसातून थोडा वेळ फोन बाजूला ठेवून, काहीही न मागता जनावराजवळ नुसतं बसायचं, एवढ्यानेही फरक पडतो. आमचा कुत्रा बंड्या पूर्वी मी बसले की उठून दुसरीकडे जायचा, आता शेजारी पसरतो.

खटकलं ते प्रत्येक धड्यात येणारं 'शंका घेऊ नका, विश्वास ठेवा' हे पालुपद. विश्वास असा हुकमावर बसत नाही. म्हणून मी गृहपाठात स्वतःची एक भर घातली. मनात आलेलं आधी तारखेसकट लिहायचं, मग जनावराकडे नीट बघायचं, आणि काय खरं ठरलं ते शेजारच्या रकान्यात टाकायचं. या रिव्ह्यूमधली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

वही भरत गेली तसं चित्र स्पष्ट झालं. एका सकाळी आमच्या मांजरीजवळ, ठमीजवळ, बसल्यावर 'मागचा भाग जड झालाय' असं काहीसं मनात आलं. लिहून ठेवलं आणि तिच्यावर नजर ठेवली. नेहमी एका उडीत कपाटावर जाणारी ठमी आधी खुर्चीवर, मग कपाटावर जात होती. डॉक्टरांनी तपासून सांधेदुखीची सुरुवात असल्याचं सांगितलं. मला संदेश आला होता का? माझ्या मते ती दुहेरी उडी माझ्या डोळ्यांनी आधीच टिपली होती, मनाला ती उशिरा कळली. सरावगटात हे लिहिलं तेव्हा काहींना ते फारसं आवडलं नाही. पण यात अंतःप्रेरणेचा अपमान कुठे आहे?

क्लेव्हर हान्स या बर्लिनच्या घोड्याची गोष्ट अनेकांना माहीत असते. तो खूर आपटून गणितं सोडवायचा. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही अडतो, कारण तो समोरच्याच्या डोक्याच्या बारीकशा हालचालीवरून कुठे थांबायचं ते ओळखायचा. ही गोष्ट सहसा खिल्ली उडवायला सांगतात. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो: फुंग्स्ट नंतर प्रयोगशाळेत स्वतःच हान्सच्या जागी बसले आणि लोकांनी मनात धरलेले आकडे तसेच हालचालींवरून ओळखू लागले. म्हणजे हे वाचन माणसालाही जमतं. मला यातून कोर्सच्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त धीर आला.

मग भरवसा कुठे ठेवायचा? डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००९ चा एक लेख इथे उपयोगी पडला. दोघांची मतं एरवी विरुद्ध, पण एका मुद्द्यावर त्यांचं जमलं: ज्या क्षेत्रात ठरावीक खुणा पुन्हा पुन्हा दिसतात आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे वेळेवर कळतं, तिथली अंतःप्रेरणा भरवशाची होऊ शकते. रोज डोळ्यांसमोर असलेल्या ठमीबाबत या दोन्ही अटी पूर्ण होतात. कोर्समध्ये नुसता फोटो बघूनही प्राण्याशी बोलायला शिकवतात, पण अनोळखी कुत्र्याच्या फोटोबाबत यातली एकही होत नाही.

फोटोवरून संवाद हा कोर्सचा सगळ्यात गाजावाजा केलेला भाग, आणि माझ्या लेखी सगळ्यात पोकळ. 'तिला खिडकीत बसायला आवडतं', 'तो तुमची वाट बघतो', ही उत्तरं कुठल्याही घरात लागू पडतात आणि समोरचा हरखून 'अगदी बरोबर!' म्हणतो. असली सर्वसाधारण वाक्यं बाजूला काढली की माझ्या वहीत फार थोडं उरलं. हरवलेल्या मांजरांबद्दलही गटात असेच कौल लावले जातात, ते मात्र मला धोक्याचं वाटतं. २०१८ च्या एका अभ्यासात सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश ५०० मीटरच्या आतच मिळाली होती. मनात 'पाणी आणि लाल भिंत' दिसण्याची वाट बघण्यापेक्षा टॉर्च घेऊन शेजारपाजारच्या गाड्यांखाली वाकून बघा.

भावनांबाबतही जरा जपून. बंड्याने काही फाडलं की त्याचा खजील चेहरा बघून 'त्याला पश्चात्ताप झालाय' असं मनात हमखास येतं. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ च्या प्रयोगात तो चेहरा कुत्र्याने खरंच आगळीक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला का यावर होता. त्यामुळे 'अपराधी वाटतंय' अशा नोंदी मी वहीत बरोबर म्हणून धरत नाही.

कोर्सच्या बाहेरून घेतलेल्या दोन गोष्टींनी सरावाला बळ दिलं. एक म्हणजे मांजराकडे बघत सावकाश डोळे मिटणं. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात असं करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताजवळ मांजरं जास्त वेळा आली. ठमीही तसेच डोळे मिटून उत्तर देते, मूड असेल तर. दुसरी, मांजराची वेदना चेहऱ्यावरून मोजायची २०१९ ची पट्टी. त्यात कान, डोळे, नाक-तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण अशा पाच जागांना शून्य ते दोन गुण द्यायचे. 'आज हिचं काहीतरी बिनसलंय' असं वाटलं की मी या पाच जागा बघते. काही सापडलं तर डॉक्टरांकडे, आणि न सापडताही ते वाटणं दुसऱ्या दिवशी टिकलं तरी डॉक्टरांकडेच.

घ्यावा का? घरात प्राणी असेल आणि तुम्हाला नुसतं बसायला कोणीतरी सक्तीने लावायला हवं असेल, तर पहिले धडे जरूर घ्या. आजारी जनावराचं निदान, गेलेल्या जनावराशी बोलणं किंवा हरवलेल्याचा ठावठिकाणा यासाठी घेऊ नका. पुढच्या स्तराचं आमंत्रण येऊन पडलंय, त्यात फोटोवरचं कामच जास्त आहे, म्हणून मी नाही म्हणणार आहे. सरावगटातल्या दोघीतिघींनी आता वही सुरू केली आहे. आम्ही एकमेकींच्या घरी जाऊन प्राण्यांना बघतो, अंदाज आधी लिहितो आणि घरच्यांना नंतर विचारतो.