चष्मा की लेन्स, माझं कसं ठरलं

ओळखीतले दोन-तीन जण विचारतायत की चष्मा सोडून लेन्स घ्यावी का, म्हणून लिहितोय. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच, नववीत चष्मा लागला, मधे चार वर्षं रोज मंथली लेन्स घातली आणि आता परत चष्म्यावर आलोय.

लेन्सचं सुख खरंच आहे. एवढ्या नंबरच्या काचेतून सगळं जरा बारीक दिसतं, कडेचं तर धूसरच, इंदूरला राजवाड्याच्या गर्दीत गाडी चालवताना बाजूने कोण घुसतंय ते बघायला सारखी मान वळवावी लागते. लेन्स घातली की नजर एकदम मोकळी, पावसात काचेवर थेंब नाहीत, हेल्मेट घालताना काड्या कानाला टोचत नाहीत. फक्त चष्म्याचा नंबर तसाच उचलून लेन्सला देऊ नका, मायनस चारच्या पुढे लेन्सचा नंबर थोडा कमी येतो कारण ती थेट बुबुळावर बसते, तर डॉक्टरकडे फिटिंग बघूनच घ्या. आणि मंथली म्हणजे पाकीट फोडल्यापासून महिना, मधे पंधरा दिवस घातली नाही तरी. नळाचं पाणी लागू द्यायचं नाही, सोल्युशन रोज नवीन, हे सगळं मला जमलं.

जमलं नाही ते मिरचीचं. सकाळचे पोहे आमच्याकडे मी करतो, इंदूरचं घर, म्हणजे जवळजवळ रोजच, चार-पाच हिरव्या मिरच्या बारीक चिरायच्या. हात साबणाने धुतले, दिवसभरात अजून कितीदा धुतले असतील, तरी रात्री अकराला आरशापुढे उभं राहून चिमटीत लेन्स धरली की डोळ्यात आग! डोळा उघडेना, लेन्स दुमडून वरच्या पापणीखाली सरकलेली, आणि ती काढायला परत तीच बोटं घालायची. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून नखांच्या कडेला बसून राहतो. आधी तेल चोळून मग साबण लावून बघितला, फरक पडला पण पुरता नाही. एकदा तर रात्रभर सोल्युशनमधे ठेवलेली लेन्स सकाळी घातली आणि परत जळजळ. ग्लव्हज आणले, ते चार दिवस टिकले, घाईत कोण घालतंय. (कांद्याचं मात्र उलट, लेन्स असली की कांदा चिरताना मला पाणीच यायचं नाही.)

तुमच्याकडे मिरच्या दुसरं कोणी चिरत असेल, किंवा तुम्ही बॅडमिंटन वगैरे खेळत असाल, तर लेन्स नक्की बघा, माझं म्हणणं सगळ्यांना लागू होईलच असं नाही. पण रंगपंचमीच्या गेरमधे, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, जाताना लेन्स नकोच, रंग तिला धरतो. सराफ्यातून, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीतून, रात्री एक वाजता घरी आलं तरी ती काढल्याशिवाय झोपायचं नाही. आणि डोळा जरा लाल झाला की लेन्स बंद, म्हणजे चालू नंबरचा चष्मा घरात लागतोच. मग मला वाटतं तेच पैसे हलक्या फ्रेमवर आणि पातळ हाय-इंडेक्स काचेवर घातलेले बरे. मी तेच केलंय, एकदा घालून फेकायच्या डेली लेन्सचं एक पाकीट फक्त लग्नकार्यासाठी ठेवलंय, आणि आदल्या दिवसापासून मिरचीला हात लावत नाही.