चार रजा उरल्यात: कोजागिरी, दिवाळी की जळगावचा रथ?

सप्टेंबर उजाडला की पुण्याजवळच्या पिंपळे गुरवच्या आमच्या फ्लॅटवर एकच हिशोब चालतो. आम्ही तिघी जळगाव जिल्ह्यातल्या, चौथी धुळे जिल्ह्यातल्या साक्रीची. कुणाच्या किती रजा उरल्यात आणि त्या कुठे जाळायच्या, यावर रोज रात्री जेवताना खल होतो. माझ्या चार आहेत. तिकडून आजीचा फोन असतोच, "कवय येशी माय?" तिला उत्तर म्हणून "दिवाळीले" एवढंच ऐकायचं असतं. मला मात्र गेली दोन वर्षं वाटतंय की शरद ऋतू चाखायचा असेल तर दिवाळी हा सगळ्यात चुकीचा मुहूर्त आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. इन्स्टाग्रामवर दिसणारी लालभडक पानगळ आपल्याकडे या दिवसांत नसते. आपली पानं गळतात शिशिरात. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक: धुतलेलं आभाळ, दुपारी चटका, पहाटे दव आणि शेतात फुटलेला कापूस. पुण्याला टेकडीवर जाऊन यातलं आभाळ मिळतं, दवही मिळतं. कापूस मिळत नाही.

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण लांबलेत. कोजागिरी २५ ऑक्टोबरला, रविवारी. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, तेही रविवारी, म्हणजे ऑफिसची एक सुट्टी फुकट गेली. पाडवा मंगळवारी १० ला, भाऊबीज बुधवारी ११ ला. आणि कार्तिकी एकादशी, म्हणजे जळगावच्या श्रीराम मंदिराच्या रथाचा दिवस, शुक्रवारी २० नोव्हेंबरला. आता रजा मोजा. कोजागिरीला एक लागते, सोमवारची. रथाला एक, शुक्रवारची. दिवाळी भाऊबीजेपर्यंत करायची तर सोमवार-मंगळवार-बुधवार अशा तीन. पाडव्याला ऑफिस सुट्टी देत असेल तर दोन. म्हणजे एका दिवाळीच्या भावात कोजागिरी आणि रथ दोन्ही पदरात पडतात. फ्लॅटवरचं भांडण याच गणितावरून आहे.

कोजागिरी

गेल्या वर्षी कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती आणि पाऊस अजून पुरता परतला नव्हता. यंदा ती ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येतेय, हे तिच्या बाजूनं सगळ्यात मोठं कारण. ऑक्टोबर हीट म्हणतात ती खानदेशात दुपारी बारा ते चार अक्षरशः घरात कोंडून ठेवते. पारा पस्तिशीच्या आसपासच असतो, मे महिन्यातल्या बेचाळीस-त्रेचाळीसच्या मानानं काहीच नाही, पण ढग गेलेले, जमिनीत ओल, वरून ऊन आणि खालून वाफ. कूलर लावावा तर दमट, न लावावा तर घाम. महिनाअखेरीपर्यंत हे जरा निवळतं आणि रात्री गच्चीवर चादर घ्यावी लागते.

कोजागिरीला आमच्याकडे दुधाइतकीच महत्त्वाची असते भुलाबाई, म्हणजे पोरींनी मांडलेली पार्वती. काही घरांत तिला गुलाबाई म्हणतात. भाद्रपद पौर्णिमेला बसते, महिनाभर रोज संध्याकाळी पोरी घरोघरी गाणी म्हणतात आणि कोजागिरीला तिची बोळवण होते. गाणी झाली की खिरापत ओळखायची. डबा बंद असतो, यजमानीण तो फक्त वाजवून दाखवते. खळखळ झाली तर फुटाणे, अजिबात वाजला नाही तर शिरा किंवा गुलाबजाम. मी लहानपणी यात तरबेज होते. एवढी मोठी झाल्यावर गल्लीतल्या पोरींत जाऊन बसायला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण दोन वर्षांपूर्वी बसले आणि पहिल्याच डब्याला हरले. आतमध्ये पॉपकॉर्न होते. आमच्या काळात ते नव्हतं.

एक सावधानता. परतीचा पाऊस लांबला तर या दिवसांत घरचं वातावरण बिघडलेलं असतं. बोंडं फुटलेली आणि वरून पाणी, म्हणजे कापूस पिवळा पडणार, भाव पडणार. आमचं शेत धरणगाव तालुक्यात आहे. अशा वर्षी बाबा गच्चीवर येतात ते चंद्र बघायला नाही, ढग आहेत का हे बघायला.

फिरायला जायचं तर कोजागिरीच्या सुमाराला मनुदेवीचा धबधबा अजून बऱ्यापैकी वाहता असतो. यावल तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत. नवरात्राची गर्दी ओसरलेली असते. अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर. वाघूर नदीच्या दरीला या दिवसांत हिरवा रंग आणि खाली पाणी असतं, जे फेब्रुवारीत सहलीला आलेल्यांना दिसत नाही. फक्त सोमवारी लेणी बंद असतात. तुमची रजा सोमवारची आहे, तेव्हा अजिंठा शनिवारीच उरका.

दिवाळी

यावर फार लिहिण्यासारखं नाही. सगळं तुम्हाला माहीत आहे.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ६ नोव्हेंबरच्या शुक्रवारच्या गाडीसाठी ७ सप्टेंबरला सकाळी आठ वाजता मोबाइल हातात घेऊन बसावं लागेल, आणि तरी हाती वेटिंगच पडण्याची शक्यता जास्त. मग ट्रॅव्हल्स. एरवीच्या तिकिटाच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजून परवाच्या दिवाळीत मी बसले, तर गाडीनं पहाटे चारला जळगावच्या अलीकडे पहूरलाच उतरवलं. पुढे जात नाही म्हणाले. फराळाचा डबा, दोन बॅगा आणि मी, फाट्यावर. बाबा गाडी घेऊन येईपर्यंत तिथल्या चहावाल्यानं स्टुलावर बसवून ठेवलं. त्याला देवानं खूप द्यावं.

घरी पोचल्यावरही ऋतू वाट्याला येत नाही. साफसफाई, फराळ, पाहुणे, आणि शेतात कापसाची वेचणी ऐन भरात. मजूर मिळत नाहीत म्हणून घरातलं जो तो शेतात. आई संध्याकाळी परत येते ती बोटं बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली घेऊन, आणि मग चकल्या करायला बसते. त्या गडबडीत मी गेल्या दिवाळीत एकदाही आभाळाकडे मान वर करून पाहिलं नाही.

तरी काही घरांना दिवाळीला पर्याय नाही. पहिला दिवाळसण असेल, घरात कुणी खूप थकलेलं असेल, किंवा वर्षभरात एकदाच सगळी भावंडं जमत असतील, तर ऋतू-बितू विसरा आणि दिवाळीलाच जा. ७ सप्टेंबरचा गजर लावून ठेवा.

रथ, आणि दुसऱ्या दिवशीचं भरीत

माझं मत इथे आहे, ते लपवत नाही.

कार्तिक प्रतिपदेपासून जुन्या जळगावात श्रीराम मंदिराची वहनं (देवाच्या वाहनांच्या मिरवणुका) निघू लागतात आणि एकादशीला रथ. लाकडी, उंच, केळीच्या खांबांनी आणि झेंडूनं मढवलेला. दोर ओढणारे शेकडो असतात, पण रथ खरा चालवतात ते मोगरी लावणारे. चाकाखाली लाकडी मोगरी सारून ते रथाला वळवतात आणि थांबवतात. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना जुनी घरं, त्यामुळे प्रत्येक वळणावर सगळ्यांचा श्वास अडकतो. भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या दर्ग्यापाशी रथ थांबतो, तिथे चादर चढवली जाते, मग पुढे. लहान असताना मला रथाचं कौतुक खेळण्यांच्या दुकानांपुरतंच होतं. आता मोगरीवाल्यांच्या अगदी जवळ उभं राहायला आवडतं. त्यांच्या हाताला एका क्षणाचीही उसंत नसते.

हवेचं म्हणाल तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपार सुसह्य झालेली असते आणि पहाटे चांगलीच थंडी. स्वेटर न्या. मेहरुण तलावावर सकाळी सहाला फिरायला जाणाऱ्यांच्या कानांना मफलर आलेले असतात.

एकादशी असल्यामुळे शुक्रवारी साबुदाणा आणि भगर. भरीत शनिवारी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी केळीलाही. हिरवट-पांढरं, लांबुळकं, बिया कमी, आणि भाजल्यावर साल एका ओढीत सुटते. ते गॅसवर भाजायचं नसतं. शेतात गेल्या वर्षीच्या कापसाच्या काड्या पेटवायच्या, त्यात वांगी टाकायची, काळी ठिक्कर झाली की काढून सोलायची आणि हिरवी मिरची, लसूण यांच्यासोबत लाकडी भांड्यात ठेचायची. वरून कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे, आणि तेल घालताना हात आखडता घ्यायचा नाही. सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या. पिंपरी-चिंचवडमध्ये खानदेशी मेस पावलोपावली आहेत, काहींचं भरीत उत्तम असतं, पण काड्यांचा धूर तिथे कुठून आणणार?

इथे एक अडचण आधी विचारून घ्या. चातुर्मासात वांगं वर्ज्य, ते कार्तिकीनंतर सुटतं. ज्यांच्याकडे खंडोबाचा कुलाचार आहे, त्यांच्या घरी मात्र चंपाषष्ठीपर्यंत वांगं शिजत नाही. म्हणजे डिसेंबरचा मध्य. तुमच्या घरी तसं असेल तर मित्राच्या शेतावर जा, आजीला सांगू नका.

उरलेल्या दोन रजा कुठे वापरायच्या? रथाला जोडून सोमवार-मंगळवार घेतले तर तोरणमाळ होतं. नंदुरबार जिल्ह्यात, साडेतीन हजार फुटांहून उंच, यशवंत तलावाच्या काठी पहाटे दात वाजतात. जळगावहून रस्ता लांबचा आहे, एका दिवसात जाऊन-येऊन करण्याचा मोह टाळा. एवढी दगदग नको असेल तर चाळीसगावजवळ पाटणादेवी. जंगलातलं गवत तोवर सोनेरी झालेलं असतं आणि पायवाटा कोरड्या. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला होता, त्याचा १२०७ सालचा शिलालेख सापडला आहे. मी गणितात नापास होता होता वाचलेली मुलगी आहे, तरी त्या जागेवर उभं राहिल्यावर बरं वाटतं.

आणि दिवाळीत पुण्यात?

हा पर्याय कुणी मोजतच नाही. दिवाळीचे चार दिवस पुणं रिकामं होतं. एरवी हिंजवडीला जायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात माणूस शहर पार करतो. वेताळ टेकडीवर पहाटे धुकं, गावात दिवाळी पहाटेच्या मैफली, आणि दुपारी झोप. तीन वर्षांत मी या शहरात पहिल्यांदा शांतपणे चालले ती एका पाडव्याला, तेही रजा नाकारली म्हणून. संध्याकाळी मात्र सोसायटीत सगळ्यांच्या दारात पणत्या आणि आमच्या दारात कुलूप लावून जायची घाई नसल्यामुळे आलेलं रितेपण, ते सोसावं लागतं. एकट्यानं राहायची सवय नसेल तर हे करू नका. फ्लॅटवरची एखादी मैत्रीण थांबत असेल तर जरूर करा.

मी यंदा कोजागिरी आणि रथ धरलाय. भावाला सांगितलं, तर तो म्हणाला भाऊबीजेला मीच पुण्याला येतो, नाहीतरी मला मॉल बघायचाय. आजीला अजून सांगितलेलं नाही. साक्रीचीनं ऐकल्या ऐकल्या बजावलंय की रथाहून येताना निदान पाच किलो वांगी आण, काड्यांचं ती बघते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर धूर केल्यावर काय होईल, ते सेक्रेटरी काकांना आधी विचारायचं की नंतर, यावर सध्या खल चालू आहे.