सिम्पाय, आठ महिने: हर्माइट बहुपद्या आणि लोकलमधली चौथी सीट

दर रविवारी मुलुंडला एमएस्सीच्या चार-पाच मुलांना शिकवतो. ऑर्थोगोनल पॉलिनॉमियल (अशा बहुपद्या, ज्यांतल्या दोन वेगवेगळ्यांचा गुणाकार एका ठरलेल्या फलनानं, म्हणजे 'वजना'नं, गुणून इंटिग्रेट केला की शून्य येतो) आले की मुलं सूत्रं घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. ते मला सलत होतं, म्हणून जूनपासून सिम्पाय हे अक्षरी गणित करणारं सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. पायथनमध्ये चालतं, फुकट आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपलाही झेपतं.

पहिल्याच आठवड्यात एक संध्याकाळ गेली. वहीत चौथी हर्माइट बहुपदी क्ष⁴ − ६क्ष² + ३, स्क्रीनवर १६क्ष⁴ − ४८क्ष² + १२. दोन्ही बरोबर. भौतिकशास्त्रवाले वजन ई^(−क्ष²) धरतात, संभाव्यतावाले ई^(−क्ष²/२). सिम्पाय 'हर्माइट' म्हटल्यावर भौतिकशास्त्रवाल्यांची देतं, माझ्या वहीतली संभाव्यतावाल्यांची होती. नवीन माणसानं हे आधी बघून घ्यावं.

पण ३ आणि ६ येतात कुठून, हे उमगलं ठाणे लोकलमध्ये. तिघांच्या बाकावर चौथा टेकला. चौघांत हात मिळवणाऱ्या जोड्या लावू: एकही जोडी नाही, १ प्रकार. एकच जोडी, ६ प्रकार. दोन जोड्या, ३ प्रकार. एकट्या माणसाला क्ष द्या, प्रत्येक जोडीला वजा एक, झाली बहुपदी!

पाचवा आला तर तो एकटा राहील, नाहीतर चौघांतल्या एकाला धरेल. म्हणून पाचवी = क्ष × चौथी − ४ × तिसरी. डेरिव्हेटिव्ह म्हणजे एकट्या बसलेल्यांपैकी एकाला उठवणं, म्हणून चौथीचं डेरिव्हेटिव्ह = ४ × तिसरी, पाचवीचं = ५ × चौथी. आता पहिल्या समीकरणाचं डेरिव्हेटिव्ह घ्या आणि चौथीला य म्हणा: य″ − क्ष·य′ + ४य = ०. डिफरन्शियल इक्वेशन बाकावरूनच निघालं. इतकी वर्षं मी ते फळ्यावर नुसतं लिहून मोकळा होत होतो.

ऑर्थोगोनॅलिटी लग्नाच्या हॉलमध्ये समजावली. मुलाकडचे तीन, मुलीकडचे चार, जोडी फक्त पलीकडच्याशीच लावायची आणि कोणी उरायचं नाही. जमत नाही, म्हणून तिसरी × चौथी × वजन यांचं इंटिग्रल शून्य. दोन्हीकडे चार असले, आणि वजनाचं एकूण क्षेत्रफळ १ धरलं, की उत्तर ४!, म्हणजे २४. सिम्पायनं दोन्ही लगेच पडताळून दिलं.

लागेर बहुपद्या हे असंच दुसरं कुटुंब, तिथेही मोजणीच. पहिली लागेर बहुपदी १ − क्ष. तिच्या चौथ्या घाताला ई^(−क्ष) चं वजन देऊन शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रेट केलं की ९ येतात: पावसात चौघांच्या छत्र्या अशा बदलल्या की कोणालाच स्वतःची मिळाली नाही, असे प्रकार तेवढेच. ईव्हन आणि गिलिस यांनी १९७६ मध्ये हा संबंध सर्वसाधारणपणे मांडला.

एक सूचना: मोठ्या घाताची बहुपदी उलगडून दशांशात किंमत काढू नका. धन-ऋण मोठाले आकडे एकमेकांना खातात आणि हाती कचरा उरतो. तिथे वरची 'पाचवी = क्ष × चौथी − ४ × तिसरी' अशी पायरीपायरीची पद्धतच वापरा.

गेल्या रविवारी एका मुलीनं सहाव्या हर्माइट बहुपदीसाठी सहा टिंबं काढून एक, दोन, तीन जोड्यांचे प्रकार १५, ४५, १५ मोजले, चिन्हं लावली आणि मगच लॅपटॉप पुढे ओढला.