इमर्जन्सी मेडिसिन: सरकारी कॉलेजातली एमडी की खासगी रुग्णालयातली डीएनबी?

नीट-पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की ज्युनिअरांचे फोन सुरू होतात. इमर्जन्सी मेडिसिनच, म्हणजे तातडीच्या पेशंटांवर पहिले उपचार करण्याची शाखाच घ्यायची, इथपर्यंत त्यांचं ठरलेलं असतं. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर: सरकारी मेडिकल कॉलेजात एमडी करायची की मोठ्या खासगी रुग्णालयात डीएनबी, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एमडीच्या तोडीची पदवी? एमडीला लागण्याआधी मी अकरा महिने पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात कॅज्युअल्टी (अपघात-तातडी विभाग) मेडिकल ऑफिसर होतो. तिथे डीएनबीचा विभाग होता, त्या मुलांबरोबरच माझ्या ड्यूट्या लागायच्या. नंतरची तीन वर्षं सरकारी कॉलेजात काढली. दोन्हीकडच्या रात्री जागलोय, म्हणून लिहितोय. मुदत, परीक्षा, स्टायपेंड, बाँड हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

खासगीबद्दल आधी, कारण तिथे मी खरोखर खूप शिकलो. सोनोग्राफीचं मशीन बेडशेजारी उभं असायचं, कुणाची परवानगी न घेता प्रोब छातीवर ठेवता यायचा. पुढे सरकारी कॉलेजात तेच मशीन पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याच्या) नोंदींमुळे कुलपात असायचं, आणि किल्ली ज्यांच्याकडे त्यांना रात्री शोधायला जावं लागे. खासगीत प्रत्येक ट्यूब टाकल्यावर कॅप्नोग्राफची लाट पडद्यावर दिसायची, ट्यूब नक्की श्वासनलिकेतच आहे याची खात्री व्हायची. पक्षाघाताचा पेशंट आला की थोड्याच वेळात सीटी हातात. हार्ट अटॅकवाला थेट कॅथलॅबमध्ये, जिथे हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडतात. आणि मुख्य म्हणजे दिवसा तरी कन्सल्टंट शेजारच्या खुर्चीत बसलेले. मला ईसीजी वाचायला शिकवला तो तिथल्या सरांनीच. सरकारीत रात्री शिकवणारा म्हणजे तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा रेसिडेंट, म्हणजे शिकत असलेलाच डॉक्टर. त्याला जे चुकीचं येतं, ते तुम्हालाही चुकीचंच येतं. बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी आणि मास्क) धरायची माझी पद्धत दुसऱ्या वर्षी एका मॅडमनी बघितली आणि दुरुस्त केली. तोवर ती तशीच चालली होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

सरकारीची बाजू म्हणजे पेशंट. संख्या तर आहेच, पण आपल्या महाराष्ट्रातला माणूस प्रत्यक्षात कशाने आडवा पडतो, ते तिथे कळतं. फवारणीच्या दिवसांत कीटकनाशक पोटात गेलेले पेशंट येतात. कपड्यांना तो उग्र वास, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्यावरचा उतारा अ‍ॅट्रोपिन, त्याची एक अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची, आणि छाती कोरडी होईपर्यंत डोस दुप्पट करत जायचं. सिस्टर एकामागून एक अँप्युल फोडत असतात, ट्रेमध्ये काचा साठत जातात, तुम्ही दर पाच मिनिटांनी स्टेथोस्कोप लावून ऐकत बसता. घरघर थांबली, हे कानाला कळतं तो क्षण मला कुठल्याही पुस्तकातून मिळाला नसता. खासगीत अकरा महिन्यांत असे तीनच पेशंट पाहिले.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला, ती सांगतो. फोन.

पुण्यातल्या त्या खासगी रुग्णालयातली जुलैतली रात्र, साडेतीन वाजलेले. मुळशीकडच्या एका वाडीतून तिशीतल्या बाईंना घेऊन घरचे आले. जमिनीवर झोपल्या होत्या, पोटात दुखतंय म्हणून जागल्या. अंगावर दंशाची खूण सापडेना. मात्र पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या, आणि गिळताना त्रास होत होता. पावसाळा, जमिनीवरचं अंथरूण, पोटदुखी, जड पापण्या: मण्यार. मला शंका नव्हती. एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं औषध, फ्रीजमध्ये होतं. पण नियम असा की ज्यांच्या नावावर पेशंट दाखल होणार, त्या फिजिशियनने हो म्हटल्याशिवाय सुरू करायचं नाही. पहिल्यांदा रिंग पूर्ण वाजून बंद झाली. दुसऱ्यांदाही. मग दुसऱ्या फिजिशियनना, मग आयसीयूच्या रजिस्ट्रारना. डीएनबीचा सेकंड इयरचा मुलगा माझ्या शेजारीच उभा होता, त्यालाही सगळं समजत होतं, आणि त्याच्याही हातात फोनच. पस्तीस मिनिटं गेली.

बाई वाचल्या. सहा दिवस व्हेंटिलेटरवर होत्या. एएसव्ही लगेच दिलं असतं तर व्हेंटिलेटर टळला असता, असा माझा दावा नाही. मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकांवर एकदा बसलं की एएसव्ही ते सोडवून आणत नाही, रक्तात फिरतंय तेवढंच अडवतं. पण म्हणूनच तर एकेक मिनिट मोलाचं. त्या फिजिशियनना मी दोष देत नाही. पेशंट त्यांच्या नावावर, जबाबदारी त्यांची, न बघता हो म्हणणं त्यांनाही अवघड. माझी अडचण एवढीच की या शाखेत पहिल्या तासाचा निर्णय शिकायचा असतो, आणि तिथे तो निर्णय त्या मुलाचा कधी नव्हताच.

पुढच्या पावसाळ्यात मी सरकारी कॉलेजात, एमडीचा दुसरा महिना. जवळजवळ तसाच पेशंट. सीनिअरने पापण्या पाहिल्या आणि म्हणाला, "एएसव्ही लाव, केसपेपर मागून कर." पावडरची बाटली असते, तिच्यात १० मिली डिस्टिल्ड वॉटर घालायचं. घाईत हलवली की फेसच फेस होतो, म्हणून दोन तळव्यांमध्ये धरून रवीसारखी घुसळत फिरवायची. दहा बाटल्या. मी, इंटर्न आणि सिस्टर यांनी वाटून घेतल्या, आणि रिअ‍ॅक्शन आलीच तर म्हणून अ‍ॅड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी. मेडिसिनचा कॉल आम्ही त्यानंतर पाठवला. त्यांचा रेसिडेंट खाली आला तेव्हा निम्मं औषध आत गेलं होतं.

सरकारीचं दुखणं वेगळं आहे आणि ते लपवणार नाही. व्हेंटिलेटर रिकामा नसतो तेव्हा नातेवाइकांच्या हातात अँबू, म्हणजे श्वास द्यायची ती पिशवी, द्यावी लागते. "एक, दोन, दाबा" असं त्यांना शिकवणं फार जड जातं. शिवाय अनेक ठिकाणी विभाग म्हणजे नुसता वाटपाचा नाका होऊन बसतो: नोंद करा, सलाईन लावा, युनिटला वर पाठवा. त्या पेशंटचं पुढे काय झालं, कळतच नाही. आमच्या विभागात एक वही होती, रात्री वर पाठवलेल्या प्रत्येक पेशंटची पुढची हकिगत सकाळी आठला त्यात लिहावी लागायची. सुरुवातीला जाच वाटे. माझं निदान किती वेळा चुकतं, हे मला त्या वहीने शिकवलं.

प्रबंधाचा विषयही अशाच पेशंटांतून निघतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून जे काम केलं, ते लॅन्सेट या नामवंत वैद्यकीय नियतकालिकापर्यंत गेलं. समोर आलेला पेशंट नीट बघून, नीट लिहून ठेवण्यातून ते उभं राहिलं. खासगीतही चांगले प्रबंध होतात, पण ते बहुधा मशीनभोवती फिरतात असं मला दिसलं. माझा अनुभव एकाच रुग्णालयाचा आहे, हेही लक्षात घ्या.

कॉलेज निवडताना एक सावधगिरी. ही शाखा आपल्याकडे तरुण आहे: मेडिकल कौन्सिलची मान्यता २००९ ची, डीएनबी २०१३ पासून. एमबीबीएस कॉलेजांना हा विभाग २०२० च्या नियमावलीत सक्तीचा झाला, २०२३ च्या नियमावलीत ती सक्ती गेली. त्यामुळे कागदापुरता उघडलेला विभाग कुठला आणि चालता विभाग कुठला, हे स्वतः जाऊनच बघावं लागतं. रात्री दोननंतर जा. फर्स्ट इयरला बाजूला घेऊन विचारा, साप चावलेला पेशंट आला तर पहिली बाटली फोडायला कोण सांगतं? उत्तरात फोन आला तर कॉलेज सरकारी असो की खासगी, मी तरी विचार करीन. विभागाच्या स्वतःच्या खाटा आहेत, रात्रीही इमर्जन्सीचे कन्सल्टंट हजर आहेत आणि निर्णय त्यांचाच चालतो, अशी खासगी रुग्णालयंही आता आहेत. तशी जागा मिळत असेल तर डीएनबी बिनदिक्कत घ्या. शहरातच प्रॅक्टिस करायची असेल तर कदाचित तेच जास्त उपयोगी पडेल.

मला आज पुन्हा प्रवेशाचा चॉइस (पसंतीक्रम) भरायला बसवलं तर पहिल्या ओळीत सरकारी कॉलेज येईल, आणि दुसऱ्या ओळीत रात्री कन्सल्टंट असणारं एखादं खासगी. त्या पुण्यातल्या रुग्णालयाचा नियम अलीकडे बदलला, असं तिथल्या एका सिस्टरनी सांगितलं. एएसव्ही आता कॅज्युअल्टीच सुरू करते.