वयात येणाऱ्या मुलांचं शिबिर, कर्वे रस्ता, पुणे: आमचा अनुभव

तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन दोन रविवार या शिबिराला गेलो. आई म्हणत होती, "नसतं काहीतरी डोक्यात भरतील." आमच्या शाळेत प्रजननाचा धडा आला की बाई "हा घरी वाचा" म्हणून पान उलटायच्या. २००७ मध्ये तर राज्याने शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला. आणि रस्ता कोणाच्या नावाचा? महर्षी कर्व्यांच्या. त्यांच्याच मुलाने, र. धों. कर्व्यांनी, खटले सोसत १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं!

पाळीचा तास मुलामुलींना एकत्र बसवून घेतला, हे फार आवडलं. डॉक्टरबाईंनी पॅड उघडून टेबलावर ठेवलं आणि त्यावर बिटाचा रस ओतला. चार ते सहा तासांनी बदलायचं, सुरुवातीची एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होऊ शकते, सगळं सरळ सांगितलं. मुलगे आधी खिदळले, मग पुढे सरकून बघायला लागले.

प्रश्नांसाठी श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला होता. पालकांसमोर वाचायच्या चिठ्ठ्या बाईंनी आधी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतल्या होत्या, म्हणजे कोणाचं अक्षर ओळखू येऊ नये. एक चिठ्ठी होती, "रात्री चड्डी ओली होते. मला रोग झालाय का?" बाई म्हणाल्या, याला स्वप्नदोष म्हणतात म्हणून मुलं घाबरतात, दोष काहीच नाही, अशक्तपणा येत नाही, औषध लागत नाही. तेराव्या वर्षी मी हीच रोगाची भीती मनात धरून वर्षभर झुरलो होतो. घशात आवंढा आला.

परतताना नळस्टॉपच्या सिग्नलला मुलाने मागून विचारलं, "बाबा, तुला कोणी सांगितलं होतं?" कोणीच नाही, म्हटलं.

तक्रार मोठ्या गटाबद्दल आहे. सोळा वर्षांची भाची त्यात होती. तिथे "लग्नाआधी नको" यावर पाऊण तास, निरोध आणि गर्भनिरोधनावर पाच मिनिटं. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे की नुसतं "नको" शिकवून मुलं थांबत नाहीत, आणि पूर्ण माहिती दिल्याने ती लवकर संबंधांकडे वळतात असंही नाही. मग हात आखडता का? लहान गटात एवढा मोकळेपणा दाखवणाऱ्यांनी इथे कच खाऊ नये. संयोजकांना तसं लिहून दिलंय. तो तास नीट घेणार असाल तर भाचीला पुन्हा फी भरून पाठवतो.