शिशाच्या वजनांचा साचा करून देतो म्हणणारा रबाळ्यातला भामटा

मासेमारीच्या गळाला, पागाला (फेकायच्या जाळ्याला) लागणारी शिशाची वजनं घरी ओतणारे ठाणे-बेलापूर पट्ट्यात बरेच आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण हा माणूस अजून ऑर्डरी घेतोय.

माझा 50 ग्रॅमच्या वजनांचा जुना साचा झिजला होता. रबाळे एमआयडीसीत कुणाच्या तरी गाळ्यात एक लेथ टाकून बसलेला हा इसम ओळखीतून कळला. बोलायला मधाळ. आपलं काम म्हणून मोबाइलवर फोटो दाखवले: दोन लाकडी मुठी, वर सरकणारी पट्टी, आत आरशासारखी घरं, म्हणजे शिसं ओतायचे खळगे. अ‍ॅल्युमिनियमचा सहा घरांचा साचा 12,000 रुपयांत ठरला, निम्मे आगाऊ. उरलेले त्याने साचा हातात द्यायच्या आधी यूपीआयने वाजवून घेतले.

घरी मेणबत्तीची काजळी धरली, साचा तापवला, ओतायला घेतलं. दोन-चार वजनं पडली नाहीत तोच आतून करपट, डोळ्यांना झोंबणारा धूर. निवल्यावर स्क्रू-ड्रायव्हरने एका घराचा तळ खरवडला, तर राखाडी भुगा निघाला आणि खाली वाटाण्याएवढं भोक! ओतीव अ‍ॅल्युमिनियमची भोकं एपॉक्सी पुटीने बुजवून वर पॉलिश मारलेलं. शिसं 327 अंशांना वितळतं, तिथे पुटी काय तग धरणार? वजनंही 43 ग्रॅमच्या आसपास.

फोन केला तर म्हणतो, "दादा, तुमच्या शिशातच जस्त असेल." उत्तर हुशारीचं आहे, जस्त शिशापेक्षा बरंच हलकं असतं. पण त्याच शिशाची जुन्या साच्यातली वजनं पुरी 50 भरत होती. हे सांगितल्यावर "परत कटिंग करतो, 3,000 पडतील" झालं, मग फोन बंद.

माझा भाचा नेमबाजी करतो. त्या इसमाने दाखवलेले फोटो बघून तो हसतच सुटला. "मामा, हे बंदुकीच्या गोळ्यांचे साचे आहेत, लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलचे." दांडा खाली-वर करून काडतूस भरायच्या त्या रायफलीत बहुधा नळीचं मॅगझिन असतं, काडतुसं एकापुढे एक बसतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीला) टेकतं, टोकदार असलं तर धक्क्याने बार उडेल, म्हणून टोक चपटं. अंगावरच्या गोल खाचा ग्रीससाठी. गळाच्या वजनाला ग्रीस कशाला हवंय? परदेशी विक्रेत्यांचे फोटो उचललेले, दुसरं काय. आपल्याकडे परवान्याशिवाय गोळ्या बनवणं गुन्हा, तेव्हा हे त्याचं काम असणं कठीणच.

बिलावरचा जीएसटी नंबर 24 ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा 27 ने होतो. पोर्टलवर टाकला तर गुजरातमधला कापडवाला निघाला.

साचा घेताना सुई काढलेली सिरिंज खिशात ठेवा. 50 ग्रॅम शिसं म्हणजे साधारण 4.4 मिली. साचा घट्ट दाबून त्याच्या एका घरात पाणी सोडा, माझ्यात 3.8 लाच काठोकाठ. नंतर साचा पूर्ण कोरडा करून तापवा, थेंबभर पाणी राहिलं तर वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. तापवणंही त्याच्याच गाळ्यात, त्याच्याच गॅसवर. पुटी असेल तर तिथेच धूर निघेल.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलंय, पोलिसांत अर्ज दिलाय. नवा साचा तुर्भ्याच्या एका टर्नरकडे टाकलाय. आगाऊ फक्त मालाचे पैसे दिलेत, बाकीचे त्याच्या शेगडीवर पहिली वजनं पडली की.