राजाश्रय आणि कलावंताचा निर्णय
राजकारणाशी कलेचे नाते दोन प्रकारे जुळते: सत्ता कलेला विषय आणि शैली नेमून देते, किंवा कलावंत स्वतःच्या निर्णयाने राजकीय घटनेला सामोरा जातो. १९३७ साली हे दोन्ही मार्ग स्पष्टपणे दिसले. म्युनिकमध्ये नाझी राजवटीने आपल्या पसंतीच्या कलेचे भव्य प्रदर्शन भरवले आणि दुसऱ्याच दिवशी, आधुनिक चित्रांची विटंबना करण्यासाठी, ‘अधःपतित कला’ हे दुसरे प्रदर्शन उघडले. गर्दी मात्र या दुसऱ्या प्रदर्शनालाच कितीतरी अधिक झाली.

त्याच वर्षी, स्पेनमधील यादवी युद्धात गेर्निका गावावर झालेल्या बॉम्बहल्ल्यानंतर, स्पॅनिश चित्रकार पिकासोने सुमारे पावणेआठ मीटर रुंदीचे चित्र रंगवले. हे चित्रही स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारनेच पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मागवले होते, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते आणि मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण सरकारने भिंत दिली तरी तिच्यावर काय उमटावे हे चित्रकारानेच ठरवले. म्हणून राजाश्रय सरसकट त्याज्य मानणे मला पटत नाही. आशयावरील हुकूम मात्र कलेला निर्जीव करतो. पुढे प्रजासत्ताक कोसळून स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही आली; तिथे लोकशाही परतल्याशिवाय चित्र नेऊ नये, अशी पिकासोची अट होती. ते १९८१ मध्ये स्पेनला पोहोचले, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.